मज्जातंतूंवरील दाब आणि धावणाऱ्यांची दुखणी : कारणशोधाचा इतिहास

लंडनचे शस्त्रवैद्य जेम्स पॅजेट यांनी रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेत दिलेली विकृतिशास्त्रावरील व्याख्याने १८५३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या ग्रंथात गाइज रुग्णालयातील एका रुग्णाची लहानशी हकीकत आहे. ती पॅजेट यांना जॉन हिल्टन यांच्याकडून कळलेली होती. ह्या मनुष्याचे मनगटालगतचे हाड मोडले होते व ते सांधून येताना तेथे नवे हाड प्रमाणाबाहेर वाढले होते. त्या वाढीमुळे तळहाताकडे जाणाऱ्या मध्य मज्जातंतूवर दाब पडत होता. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांवर व्रण झाले आणि कोणत्याही उपचाराने ते भरून येईनात. अखेरीस त्याचे मनगट अशा रीतीने बांधून ठेवण्यात आले की तळहाताच्या बाजूचे सर्व भाग सैल राहावेत. तसे करताच व्रण भरले. परंतु त्याला हात वापरण्याची मुभा मिळताच मज्जातंतूवर पुन्हा दाब पडू लागला, आणि व्रणही परत आले.

कारण दूर केले असता विकार जातो आणि कारण परतले असता विकारही परततो, हा अन्वय-व्यतिरेकाचा पुरावा येथे एकाच रुग्णाच्या हातावर मिळाला. व्रण बोटांवर होते आणि त्यांचे कारण मनगटात होते. बोटांना लावलेली मलमे त्या कारणापर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते. ह्याच हिल्टन यांनी पुढे १८६० ते १८६२ ह्या काळात विश्रांती आणि वेदना ह्या विषयावर व्याख्याने दिली. दुखऱ्या भागातील वेदनेचा उगम त्या भागाच्या मज्जातंतूच्या मार्गाने मागे जाऊन शोधावा, हे त्या व्याख्यानांचे प्रमुख सूत्र होते. सूत्र सुबोध होते. तरीही मनगटातील दाबाचे सर्वसाधारण दुखणे ओळखण्यास वैद्यकाला त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षे लागली. हा विलंब कसा झाला हे पाहणे, यश कोणी मिळविले हे पाहण्यापेक्षा अधिक उद्बोधक आहे.

१८८० मध्ये बॉस्टनचे जेम्स पटनम यांनी काही रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत स्त्रियांचा भरणा अधिक होता. रात्री किंवा पहाटे हाताला मुंग्या येऊन जाग येते, बोटे बधिर होतात, हात पलंगाखाली लोंबता सोडला किंवा झटकला म्हणजे बरे वाटते, असा ह्या दुखण्याचा क्रम होता. आज कोणताही वैद्यकाचा विद्यार्थी हे वर्णन ऐकताच निदान सांगेल. पटनम यांचे लक्ष मात्र रक्तवाहिन्यांकडे गेले. हात लोंबता ठेवल्याने बरे वाटते त्या अर्थी रक्तपुरवठ्यात काही बिघाड असला पाहिजे, हे त्यांचे अनुमान त्या काळी सयुक्तिकच होते. पुढे १८९३ मध्ये जर्मन वैद्य शुल्त्से यांनी ह्या अवस्थेला ‘अॅक्रोपॅरेस्थेशिया’, म्हणजे हातापायांच्या टोकांच्या मुंग्या, असे ग्रीक घडणीचे नाव दिले. नाव मिळाले की ज्ञान झाल्याचे समाधान वाटू लागते. ह्या नावात लक्षणाच्या भाषांतरापलीकडे काहीही नव्हते.

दुसऱ्या बाजूला, अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा हळूहळू झिजून सपाट होत जातो, अशा रुग्णांचीही नोंद होत होती. मुंग्यांचे रुग्ण वेगळे आणि झिजेचे रुग्ण वेगळे, अशी त्यांची दोन खाती पडली. ही एकाच विकाराची आधीची व नंतरची अवस्था असावी, अशी शंका फार थोड्यांना आली. न्यूयॉर्कचे रॅमसे हंट यांनी १९११ च्या सुमारास ह्या झिजेचे कारण हातातच, मनगटाच्या आडव्या बंधाच्या खालच्या कडेशी आहे असे सुचविले. मात्र दाब अंगठ्याच्या स्नायूंकडे जाणाऱ्या एका शाखेवर पडतो असे त्यांना वाटले. संवेदना शाबूत असलेल्या रुग्णांवर त्यांनी भर दिल्यामुळे मुख्य मज्जातंतू त्यांच्या दृष्टीतून निसटला.

ह्याच सुमारास क्ष-किरणांच्या चित्रांनी सर्वांचे लक्ष मानेकडे वेधून घेतले होते. काही माणसांना मानेच्या सातव्या मणक्यापाशी एक जादा बरगडी असते. तिच्यावरून हाताचे मज्जातंतू जातात आणि काही रुग्णांत ते खरोखरच ताणले जातात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही बरगडी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया अधिक प्रमाणात होऊ लागल्या. ज्यांना जादा बरगडी नव्हती त्यांच्यात नेहमीच्या पहिल्या बरगडीवर दोष ठेवण्यात आला, आणि तीही काढण्यात येऊ लागली. लंडनचे फ्रान्सिस वॉल्श आणि त्यांचे सहकारी यांनी १९४४ मध्ये ‘ब्रेन’ ह्या नियतकालिकात ह्या मताचा सविस्तर पुरस्कार केला. बरगडीचे मत निराधार नव्हते. असे रुग्ण असतातच. परंतु थोड्यांना लागू असलेले कारण पुष्कळांना लावण्यात आले. शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना उतार पडे, त्यामुळे मताला बळकटी येई. वस्तुतः एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हाताला सक्तीची विश्रांती मिळत असे, आणि त्या विश्रांतीनेच मनगटातील सूज ओसरत असावी. हिल्टन यांच्या रुग्णाचे मनगट बांधून जे साधले तेच येथे बरगडी कापून, नकळत आणि तात्पुरते साधले जात होते. उपचाराने गुण आला एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, ह्याचे इतके ठसठशीत उदाहरण शस्त्रवैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

ह्या सर्व काळात खरे उत्तर छापील स्वरूपात उपलब्ध होते, ही गोष्ट विशेष होय. १९१३ मध्ये पॅरिसमध्ये पिएर मारी आणि शार्ल फ्वा यांनी ऐंशी वर्षांच्या एका वृद्धेचे शवविच्छेदन केले. तिच्या दोन्ही हातांच्या अंगठ्याचे उंचवटे झिजलेले होते आणि दुखापतीचा काही इतिहास नव्हता. त्यांनी मध्य मज्जातंतू मनगटापर्यंत उलगडून पाहिला. आडव्या बंधाच्या किंचित वर त्याला गाठीसारखी जाडी आलेली होती आणि बंधाखाली तो बारीक झालेला होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्या अरुंद जागी मज्जातंतूंची आवरणे नष्ट झालेली आढळली. वेळीच निदान झाले तर तो बंध छेदून विकाराची वाढ थांबविता येईल, हेही त्यांनी लिहून ठेवले. ह्या लेखाकडे तीस वर्षांहून अधिक काळ फारसे कोणी वळले नाही. पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झाले हे एक कारण सांगता येईल. पण त्याहून महत्त्वाचे असे की लेख मज्जारोगतज्ज्ञांनी मज्जारोगतज्ज्ञांसाठी लिहिलेला होता, आणि बंध कापणारे हात शस्त्रवैद्यांचे होते. शिवाय पुरावा एका मृत वृद्धेचा होता. जिवंत, कामकरी स्त्रियांच्या रात्रीच्या मुंग्यांशी त्याचा संबंध आहे हे सांगणारा दुवा अजून जोडला गेलेला नव्हता.

तो दुवा तुकड्यातुकड्यांनी जोडला गेला. स्कॉटिश शस्त्रवैद्य जेम्स लिअरमंथ यांनी मिनेसोटातील मेयो क्लिनिकमध्ये असताना बंध छेदून मज्जातंतू मोकळा केला आणि १९३३ मध्ये ते प्रसिद्ध केले. (हेच लिअरमंथ पुढे १९४९ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांच्या पायाच्या रक्ताभिसरणासाठी केलेल्या शस्त्रक्रियेमुळे जगाला माहीत झाले; मनगटाची शस्त्रक्रिया त्यांच्या नावाशी सहसा जोडली जात नाही.) त्यांच्या लेखाचा विषय दाब काढण्याचे तत्त्व हा होता, मनगटाचे उदाहरण त्यात ओघाने आले होते. खरे वळण १९४७ मध्ये आले. रसेल ब्रेन, डिक्सन राइट आणि मार्सिया विल्किन्सन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये सहा स्त्रियांची हकीकत दिली. सहाही जणींच्या मनगटातील बंध छेदण्यात आला होता. विशेष म्हणजे लेखकांनी मनगटातील ह्या विवरात दाब प्रत्यक्ष मोजून पाहिला आणि मनगट मागे वळविले असता तो वाढतो असे दाखविले. घरकामात मनगट वारंवार मागे वळते आणि दुखणे घरकाम करणाऱ्या स्त्रियांना होते, ही संगती प्रथमच मोजमापाच्या आधारे सांगितली गेली. १९५३ मध्ये क्रेमर, गिलियाट आणि त्यांचे सहकारी यांनी शुल्त्से यांच्या अॅक्रोपॅरेस्थेशियाचे बहुतेक रुग्ण म्हणजे ह्याच विवरातील दाबाचे रुग्ण होत हे दाखवून दोन्ही खाती एक केली. ‘कार्पल टनेल’ हे नाव त्यानंतर रूढ झाले. एडिंबरोचे जे. ए. सिंप्सन यांनी १९५६ मध्ये विजेच्या संदेशाचा वेग मोजून मनगटापाशीच तो मंदावतो हे सिद्ध केल्यावर बरगडीच्या मताला ह्या दुखण्यापुरती जागा उरली नाही.

अमेरिकेत क्लीव्हलंडचे जॉर्ज फॅलन यांनी १९५० पासून ह्या विषयाचा ध्यास घेतला. मनगट खाली वाकवून काही क्षण तसेच धरले असता मुंग्या येतात, ही त्यांच्या नावाने ओळखली जाणारी साधी परीक्षा आजही वापरात आहे. १९६६ मध्ये त्यांनी सतरा वर्षांतील ६५४ हातांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांत कापून मोकळे केलेले हात होते तसेच केवळ औषधाच्या टोचणीवर व आधारपट्टीवर भागलेलेही होते. पुढे १९८१ मध्ये गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्म नळी घालून दाब मोजला. निरोगी माणसात मनगट सरळ असता तो सरासरी २.५ मिलिमीटर पारा, तर रुग्णांत ३२ मिलिमीटर होता. मनगट पुरते मागे वळविले असता रुग्णांतील दाब ११० पर्यंत गेला.

येथे इतिहासाचा खरा प्रश्न पुढे येतो. दाब हे बधिरतेचे कारण ठरले. पण दाबाचे कारण कोणते? बंध छेदल्याने जागा वाढते, परंतु ती जागा अपुरी का पडली हे त्याने कळत नाही. १९५८ मध्ये मरे आणि त्याच सिंप्सन यांनी कंठग्रंथीच्या मांद्याने पीडित रुग्णांत हे दुखणे वारंवार आढळते आणि ग्रंथीचे द्रव्य औषधरूपाने दिले असता ते ओसरते असे दाखविले. येथे शस्त्राचा स्पर्शही न होता मनगट मोकळे झाले. गरोदरपणात उद्भवणारे दुखणे प्रसूतीनंतर बहुधा आपोआप जाते. संधिवातात कंडरांची वेष्टने सुजतात, अतिवृद्धीच्या विकारात हाडे व मऊ भाग दोन्ही वाढतात, मधुमेहात मज्जातंतूच मुळात नाजूक झालेला असतो. म्हणजे एकाच अरुंद दाराशी निरनिराळ्या वाटांनी गर्दी होत होती, आणि दार रुंद करणे हा सर्वांना लागू पडणारा पण कोणत्याही एका वाटेचा विचार न करणारा उपाय होता.

व्यवसायाच्या बाबतीत तर दोन्ही बाजूंनी अतिरेक झाला. फॅलन स्वतः कामाला दोष देण्यास फारसे राजी नव्हते. त्यांच्या मते मध्यमवयीन स्त्रियांत आपोआप येणारी कंडरावेष्टनांची सूज हीच मुख्य गोष्ट होती. उलट १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात टंकलेखन यंत्रावर काम करणाऱ्यांच्या हातदुखीची साथच पसरली असे मानले गेले आणि यंत्राच्या कळांवर सर्व खापर फुटले. हादरे देणारी हत्यारे आणि जोराची पकड यांचा संबंध निश्चितच आहे. पण मेयो क्लिनिकमधील संगणक वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांची २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी पाहता त्यांच्यातील प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा वेगळे आढळले नाही. भरपाईचे दावे, मालकांचे हितसंबंध आणि वैद्यकीय मते ह्या वादात इतकी गुंतली की कारणमीमांसा ही अंशतः न्यायालयाची भाषा होऊन बसली.

कॅनडातील अप्टन व मॅककोमास यांनी १९७३ मध्ये ह्या प्रश्नाला नवे वळण दिले. मनगट किंवा कोपर येथे मज्जातंतू दबलेल्या ११५ रुग्णांपैकी ८१ जणांत मानेतील मुळांनाही इजा असल्याचा पुरावा त्यांना आढळला. एका जागी दुखावलेला मज्जातंतू दुसऱ्या जागी अल्प दाबालाही बळी पडतो, असे त्यांनी सुचविले. पूर्वी ज्या मानेला निरपराध ठरवून सोडून देण्यात आले होते तिला सहआरोपी म्हणून परत बोलाविण्यात आले. ह्या मताची शरीरशास्त्रीय बैठक अद्यापि वादग्रस्त आहे. तथापि बंध छेदूनही ज्यांना गुण येत नाही अशा रुग्णांचा विचार करताना त्याचा आधार घेतला जातो.

हातांच्या तुलनेत पायांचा इतिहास अधिक विस्कळीत आहे. १८४५ मध्ये लंडनचे लुईस डर्लाकर यांनी पुढच्या पंजातील, तिसऱ्या व चौथ्या बोटांच्या मधल्या जागेतील तीव्र कळेचे वर्णन केले. हे गृहस्थ राजघराण्याच्या पायांची कुरुपे काढण्याचे काम करीत. बहुधा ह्या हलक्या समजल्या जाणाऱ्या पेशामुळेच त्यांचे नाव ह्या दुखण्याला मिळाले नाही, ते १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या टॉमस मॉर्टन यांना मिळाले. पाचव्या व चौथ्या बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांत मज्जातंतूच्या शाखा चिमटल्या जातात हे मॉर्टन यांचे अनुमान दाबाचेच होते, आणि त्यावर त्यांनी सांधाच काढून टाकण्याचा उपाय केला. नंतर शिकागोचे होडली यांनी १८९३ मध्ये आणि ऑस्ट्रेलियातील बेट्स यांनी १९४० मध्ये फुगलेला मज्जातंतू कापून काढला. त्या फुगीर भागाला ‘न्यूरोमा’, म्हणजे मज्जातंतूची गाठ, असे नाव पडले. गाठ म्हटल्यावर ती काढून टाकणे हेच ओघाने येते. वस्तुतः ती अर्बुद नव्हती. वारंवार दबून मज्जातंतूभोवती साचलेल्या तंतुमय पेशींचा तो थर होता, मारी व फ्वा यांना मनगटापाशी दिसलेल्या जाडीचाच भाऊबंद. १९७९ मध्ये फ्रेंच शस्त्रवैद्य गोतिए यांनी हे ओळखून मज्जातंतू शाबूत ठेवला आणि त्यावरचा आडवा बंध छेदला. मनगटात कोणीही मध्य मज्जातंतू कापून टाकण्याचा विचार केला नसता. पायाचे बोट बधिर राहिले तरी चालते, एवढ्या एका सवलतीमुळे पायाच्या बाबतीत कारणाचा विचार शंभर वर्षे मागे राहिला.

घोट्याच्या आतल्या बाजूस, मनगटातील विवरासारखीच एक वाट आहे. तेथील दाबाचे वर्णन केक व लॅम यांनी परस्परांना न कळत १९६२ मध्ये केले. मनगटाचा नमुना आता डोळ्यांपुढे होता, त्यामुळे येथे ऐंशी वर्षे लागली नाहीत. धावणाऱ्यांच्या टाचेचे व तळव्याचे काही हट्टी दुखणे ह्या मज्जातंतूच्या शाखा दबल्यामुळे होते, हे त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत पुढे आले.

धावण्याच्या दुखण्यांची पूर्वपीठिका सैन्यात सापडते. प्रशियाच्या सैन्यातील वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये लांब कूच करणाऱ्या शिपायांचा पंजा सुजतो व दुखतो असे लिहिले आणि कंडरावेष्टनांच्या दाहाला ते कारण मानले. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर १८९७ मध्ये श्टेखो यांनी तेथे हाडालाच तडा गेलेला असतो हे दाखविले. एकाही आघाताने न मोडणारे हाड सहस्र लहान आघातांनी मोडते, ही कल्पना ह्यातून आली. इंग्लंडमध्ये मायकेल डेव्हस यांनी १९५६ मध्ये स्वीटनम यांच्यासह खेळाडूंच्या नडगीजवळच्या बारीक हाडाच्या पन्नास तड्यांचा आढावा घेतला, आणि १९५८ मध्ये धावणाऱ्यांची नेहमीची नडगीदुखी काही वेळा मोठ्या हाडाच्या अशाच तड्यामुळे असते हे सांगितले.

ह्यानंतर धावणारे शिपाई व खेळाडू यांच्यापुरते राहिले नाहीत. ऑरेगॉनचे प्रशिक्षक बिल बाउरमन १९६२ मध्ये न्यूझीलंडला गेले असता आर्थर लिडियार्ड यांच्या प्रेरणेने सामान्य नागरिक संथ गतीने धावताना त्यांनी पाहिले. १९६७ मध्ये त्यांचे त्या विषयावरचे पुस्तक निघाले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टर यांनी मॅरेथॉन जिंकल्यावर अमेरिकेत धावणाऱ्यांची लाटच आली, आणि तिच्यामागोमाग दुखऱ्या गुडघ्यांची. न्यू जर्सीचे हृदयरोगतज्ज्ञ जॉर्ज शीहन हे स्वतः धावणारे आणि स्वतः दुखावलेले होते. रुग्णाला टोचणी देऊन किंवा धावणे सोडण्यास सांगून वाटेला लावणाऱ्या आपल्याच व्यवसायबंधूंवर त्यांनी कडक टीका केली. गुडघा दुखत असेल तर पाऊल पाहा, हा त्यांचा आग्रह होता. हिल्टन यांचे सूत्र येथे मज्जातंतूंऐवजी हाडांच्या साखळीला लावलेले दिसते.

पण पावलात दोष शोधण्याचा हा छंद लवकरच पंथ बनला. कॅलिफोर्नियातील मर्टन रूट यांनी पावलाच्या आदर्श ठेवणीचे शास्त्र मांडले होते, आणि त्या आदर्शापासून ढळलेले प्रत्येक पाऊल आता रोगाचे बीज ठरू लागले. पाऊल आत कलते, म्हणून नडगी वळते, म्हणून गुडघा दुखतो, सबब जोड्यात आधार घाला, अशी अनुमानांची माळ तयार झाली. पादत्राणांच्या कारखानदारांनी तिच्यावर कलणे रोखणाऱ्या जोड्यांचा व्यापार उभा केला. १९७८ मध्ये यूजीनचे शस्त्रवैद्य स्टॅन्ली जेम्स आणि त्यांचे दोन सहकारी यांनी १८० धावणाऱ्यांच्या २३२ दुखण्यांची छाननी केली. सुमारे दोन-तृतीयांश दुखण्यांचा संबंध सरावातील चुकांशी, मुख्यतः अंतर एकाएकी वाढविण्याशी, होता. लेख गाजला, वारंवार उद्धृत झाला. परंतु सरावाची चूक विकता येत नाही आणि जोडा विकता येतो, त्यामुळे लेखातील पावलाच्या ठेवणीचा भागच अधिक लक्षात ठेवला गेला असे म्हणण्यास जागा आहे.

ह्या माळेची खरी परीक्षा सैन्यानेच घेतली. नॅपिक व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकी भूदल, वायुदल आणि मरीन दल यांच्या नव्या भरतीतील तरुणांचे गट पाडले. एका गटाला तळव्याच्या आकारानुसार जोडे दिले, दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे. २००९ व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या तिन्ही अभ्यासांत आकारानुसार जोडे दिल्याने दुखापतीत उल्लेखनीय घट दिसली नाही. बरगडीच्या मताशी ह्याचे साम्य स्पष्ट आहे. पाऊल काही जणांच्या दुखण्याचे कारण असतेच, पण थोड्यांचे कारण येथेही पुष्कळांना लावले गेले होते.

मज्जातंतू आणि धावणारे पाऊल ह्या दोन इतिहासांची गाठ भारतात पडलेली आहे, आणि तीही एका अनपेक्षित रोगाच्या निमित्ताने. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ मध्ये तामिळनाडूतील कोल्ली डोंगरांत, मिशनरी कुटुंबात झाला. लंडनला शस्त्रवैद्यक शिकून ते १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. पुढील वर्षी रॉबर्ट कॉक्रन यांनी त्यांना चिंगलपेट येथील कुष्ठरुग्णालय दाखविले. त्या वेळी कुष्ठरुग्णांची बोटे झडतात, त्यांचे मांस सडते आणि त्यावरील व्रण भरत नाहीत, ही समजूत लोकांत होती तशीच वैद्यांतही होती. ब्रँड यांना वेगळे दिसले. रोगजंतू मज्जातंतूंना सूज आणतात, आणि ती विशेषतः कोपर, मनगट, गुडघ्याची बाहेरची बाजू व घोटा येथे, मज्जातंतू जेथे त्वचेच्या निकट व थंड असतो अशा जागी येते. ताठर आवरणात सुजलेला मज्जातंतू आपल्याच सुजेने दबतो, बधिरता येते. त्यापुढचे सारे नुकसान बधिरतेमुळे होते. वेल्लोरच्या वसाहतीत त्यांनी रुग्णांच्या प्रत्येक जखमेचा उगम शोधण्याचा नियम घातला, तेव्हा गरम भांडी, जोराने फिरविलेल्या किल्ल्या, चपलेतील खिळे अशी कारणे एकामागून एक निघाली. रात्री झोपेत नाहीशा होणाऱ्या बोटांचा उलगडा उंदरांनी झाला, आणि रुग्णांनी मांजरे पाळावीत असे ठरले. मांस सडके नव्हते. प्लास्टरमध्ये पाऊल बंद करून त्याला स्वस्थता दिली की व्रण इतरांसारखेच भरून येत. पॅजेट यांच्या ग्रंथातील त्या रुग्णाचे व्रणही मनगट बांधल्यावर असेच भरले होते.

भरलेले व्रण पुन्हा चालू लागताच परत येत, हेही तसेच. मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या तळव्याच्या चपला वेल्लोर येथे तयार झाल्या त्या ह्यासाठी. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझिआनातील कारव्हिल येथे गेले आणि तेथे त्यांनी पुनरावृत्त दाबाचा प्रायोगिक अभ्यास केला. उंदरांच्या तळव्यांवर दररोज ठरावीक संख्येने सौम्य दाब दिला असता प्रथम उष्णता, मग सूज व अखेर व्रण असा क्रम दिसला. परंतु आघातांची संख्या उतरवली आणि मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवले तर तोच तळवा जाड व बळकट झाला. दुखापत आणि सराव यांच्यात दाबाच्या जातीचा भेद नव्हता, भेद संख्येचा व विश्रांतीचा होता. जेम्स यांनी धावणाऱ्यांच्या चौकशीतून जे काढले तेच येथे प्रयोगाने निघाले. माणसांचे निरीक्षण करताना ब्रँड यांना असे आढळले की निरोगी मनुष्य लांब अंतर धावताना पावलाचा एखादा भाग तापू लागला की नकळत आपली चाल बदलतो आणि भार दुसऱ्या भागावर टाकतो. बधिर पावलाचा मनुष्य मात्र पहिल्या पावलापासून अखेरच्या पावलापर्यंत एकाच जागी भार देतो. वेदनाशामक गोळी घेऊन शर्यत पुरी करणारा धावपटू काही तासांपुरता ह्या दुसऱ्या माणसाच्या अवस्थेत जातो, हे त्यावरून ध्यानात यावे.

मुंबईत नोशीर अंटिया यांनी जे. जे. रुग्णालयाच्या सुघटन-शस्त्रक्रिया विभागातून कुष्ठरुग्णांचे हात, पाय व चेहरे यांवर दीर्घकाळ काम केले. विरूपता सुधारण्यावर न थांबता मज्जातंतूला इजा कशी होते ह्या मूळ प्रश्नाकडे ते वळले. १९७५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ह्या संस्थेत त्या प्रश्नावर संशोधन झाले. कुष्ठरोगात सुजलेल्या मज्जातंतूचे आवरण छेदून दाब काढावा की दाहशामक औषधांवर भिस्त ठेवावी हा वाद तेव्हा होता व पुढेही चालू राहिला. औषधाच्या जोडीला शस्त्रक्रियेने अधिक लाभ होतो असे सिद्ध करणारा पुरेसा पुरावा नंतरच्या पद्धतशीर आढाव्यांना मिळालेला नाही. दाब येथे खरा आहे, परंतु तो आतून, जंतूंविरुद्धच्या दाहातून येतो. केवळ बाहेरचे दार रुंद करून तो जाईलच असे नाही.

धावणाऱ्यांच्या बाबतीत अलीकडचा एक लहान प्रयोग ह्याच संदर्भात पाहण्यासारखा आहे. व्यायामात नडगीच्या स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यात दाब चढतो, वेदना होतात, कधी पाऊल बधिर होते. अनेक वर्षे ह्यावर कप्प्याचे आवरण छेदणे हाच खात्रीचा उपाय मानला जात असे. २०१२ मध्ये डीबल व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेसाठी पाठविलेल्या दहा जणांना सहा आठवडे टाचेऐवजी पंजावर उतरून धावण्याचे शिक्षण दिले. धावल्यानंतरचा कप्प्यातील दाब उतरला, धावता येणारे अंतर वाढले, आणि वर्षभरानंतर त्यांपैकी कोणालाही शस्त्रक्रिया करावी लागलेली नव्हती. तुलनेसाठी दुसरा गट ठेवलेला नव्हता. चाल बदलल्याने पोटरी व टाचेमागील कंडरेवर भार वाढतो, त्याचा हिशेबही दहा जणांच्या पाहणीत लागू शकत नाही. त्यांपैकी कोणाला जुन्या चालीवर परत आणून दाब पुन्हा चढतो का हे पाहण्यात आले नाही. गाइज रुग्णालयातील त्या मनुष्याच्या बाबतीत तो भाग मनगट सोडताच आपोआप घडला होता.